एकाच नावाचे दोन आकडे

"पाय वर घ्या! आधी पाय!"

सिस्टर ओरडल्या तेव्हा मी अकरा नंबरच्या खुर्चीपाशी होतो. वळून पाहिले, तर सात नंबरवर शिवणकाकूंची मान एका बाजूला कलंडलेली. ओठ पांढरेफटक. मांडीवरचा शर्ट घसरून जमिनीवर पडला होता आणि अर्धवट लावलेल्या बटणाला सुई तशीच लोंबकळत होती.

मी धावलो. खुर्चीचा दांडा ओढून पाय वर केले, डोके खाली केले. मशीनचे पाणी ओढणे बंद केले. सलाईनचा चिमटा सोडला. सिस्टरांनी बीपी घेतले, पट्टा सोडला, पुन्हा घेतले.

"साठ," त्या म्हणाल्या. खालचा आकडा सांगितलाच नाही; तो लागला नसावा.

"काकू! अहो काकू, डोळे उघडा! इकडे बघा!"

चार मिनिटे गेली. घड्याळ समोरच्याच भिंतीवर आहे म्हणून नक्की सांगतो. मग काकूंनी डोळे उघडले आणि त्याच क्षणी त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. जी बाई तीन वर्षांत सुई टोचताना कधी 'हं' म्हणाली नव्हती, ती अशी किंचाळली की बाहेर बाकावर बसलेली तिची जाऊ चपला न घालताच आत आली. मी काकूंचे तळवे छातीशी धरून दाबत राहिलो. बाकीच्या अकरा खुर्च्यांवरची माणसे आपापल्या नळ्यांना बांधलेली. मान वळवून बघण्यापलीकडे कोणाला काही करता येत नव्हते.

डॉक्टर आले, सगळे स्थिर झाल्याचे बघून म्हणाले, "सकाळी नीट खाल्लं नसेल."

"पोटभर जेवून आलीय हो," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर जेवली."

"दोन दिवसांच्या खाड्यानंतर होतं असं कधीकधी. आज लवकर सोडा यांना."

आणि आम्ही त्यांना लवकर सोडले. दारापर्यंत चाकांची खुर्ची ढकलत मीच गेलो होतो. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला उगाच त्रास झाला हो भाऊ." तो सोमवार होता.

डायलिसिसचा तंत्रज्ञ म्हणून मला एकोणीस वर्षे झाली. काम तसे समजायला सोपे आहे. ज्यांची मूत्रपिंडे थकली ती माणसे आठवड्यातून तीनदा येतात, चार तास बसतात. मशीन त्यांचे रक्त धुऊन परत देते आणि अंगात साठलेले पाणी काढून घेते. ते किती काढायचे, यातच सगळी मेख. त्यासाठी प्रत्येकाचे एक 'ड्राय वेट' डॉक्टरांनी ठरवलेले असते, म्हणजे अंगात जादा पाणी नसेल तेव्हा माणूस जेवढा भरेल ते वजन. आजच्या वजनातून ड्राय वेट वजा करायचे, शेवटी नळ्या धुताना आत जाणारे तीनशे मिली त्यात मिळवायचे, आणि येईल तो आकडा मशीनला द्यायचा. हा हिशेब आमच्याकडे एक जण कागदावर करायचा आणि दुसरा तपासून सही करायचा.

चार नंबरच्या खुर्चीवर ज्या बसत त्यांना सगळे बाई म्हणत. त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. मूत्रपिंडे गेली तरी तीन दिवस इथे आणि तीन दिवस वर्गात, असा त्यांचा क्रम होता. एके दिवशी मला म्हणाल्या, "चार तास छताकडे बघून माझं डोकं गंजतंय. तुम्ही शिकता का प्रोग्रॅमिंग? माझी करमणूक आणि तुमचं ज्ञान."

मी हसण्यावारी नेले. शाळेत गणिताच्या सरांनी माझ्या वहीवर 'ईश्वरेच्छा' असा शेरा मारला होता. पण बाईंनी पिच्छा सोडला नाही. युनिटचा जुना लॅपटॉप त्यांच्या शेजारच्या टेबलावर ठेवायचा, आणि मला दोन मशीनांच्या मधे दहा मिनिटे मिळाली की त्या तोंडी सांगायच्या, मी टाइप करायचे. अंकांना नावे द्यायला शिकलो, मग त्या नावांची बेरीज-वजाबाकी, मग फंक्शन, म्हणजे एखादे काम वेगळे लिहून त्याला हाक मारली की ते होते. पहिल्यांदा मी लिहिलेली बेरीज स्क्रीनवर आली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा मी सिस्टरांना हाक मारून दाखवायला घेऊन आलो होतो. "बेरीज तर मलाही येते रे," त्या म्हणाल्या.

त्यातून तो प्रोग्रॅम झाला. खुर्चीचा नंबर घाला, आजचे वजन घाला, किती पाणी काढायचे ते मोठ्या अक्षरात समोर. सगळ्यांची ड्राय वेट फाइलमध्ये भरलेली. डॉक्टरांनी एखाद्याचे बदलले तर त्यासाठी वेगळी सोय. दहा दिवस आम्ही कागदावरचा हिशेब आणि प्रोग्रॅमचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहिला. एका ग्रॅमचाही फरक नाही. डॉक्टर पाहुण्यांना दाखवू लागले, "आमच्या माणसानेच केलंय, बाहेरून आणलेलं नाही." बायकोने शेजारीपाजारी सांगितले. मग हळूहळू कागद बंद पडला. दुसरी सहीही बंद पडली. कोणी तसा हुकूम दिला नव्हता. कोणाला त्याची गरज वाटली नाही, एवढेच.

बुधवारी शिवणकाकू आल्या. खुर्चीवर बसता बसता म्हणाल्या, "भाऊ, कालपासून हात गप्प आहे. अशक्तपणामुळे असेल का?"

त्यांच्या डाव्या मनगटाच्या वर, तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून, धमनी आणि शीर जोडलेली होती. फिस्टुला म्हणतात त्याला. आमच्या सुया तिथेच टोचायच्या. रक्त त्या जोडातून इतक्या जोराने धावते की वर बोट ठेवले तर थरथर लागते. मांजर मांडीवर घुरघुरते ना, तशी. दरवेळी सुईच्या आधी ती थरथर बघायची, हा पहिला नियम. काकूंची इतकी दांडगी होती की नवीन शिकाऊ आला की मी म्हणायचो, यांचा हात बघ, मग इतरांचे.

मी बोटे ठेवली.

काहीच नव्हते. जागा सरकवली. जरा दाबून पाहिले. कोपरापर्यंत गेलो. गरम, मऊ हात होता, कोणाचाही असतो तसा. मी मान वर केली नाही, कारण काकू माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"गेला का?" त्यांनी विचारले.

"सर्जनना दाखवू," मी म्हणालो.

सर्जननी तासाभरात निकाल दिला. जोडात रक्त गोठले होते, उघडायचा प्रयत्न केला पण जमले नाही. डाव्या हाताच्या बाकीच्या शिरा बारीक, तिथे दुसरा जोड होणार नाही. सध्या मानेत नळी घालून डायलिसिस चालवायचे, मग उजव्या हातात नवीन जोड, तो तयार व्हायला दोन-अडीच महिने.

"उजव्या?" काकू म्हणाल्या. "उजव्या हातात माझी कात्री असते हो."

"कशाने झालं असेल?" जाऊबाईंनी विचारले.

"परवा बीपी एकदम पडलं ना, त्याने. रक्ताचा जोर कमी झाला की तिथे गोठतं." सर्जन सहज बोलून गेले आणि हात धुवायला वळले.

मी खाली येऊन वरच्या वॉर्डसाठी काकूंचा कागद भरायला घेतला. त्यात ड्राय वेट लिहायचे होते. केसपेपरवर सोमवारची तारीख घालून डॉक्टरांच्या अक्षरात होते: ५५.८. सवयीने लॅपटॉपवरची फाइलही उघडली. तिथे ५४ होते.

मला वाटले, चुकून दुसऱ्याच कोणाचे उघडले. बंद केले, पुन्हा उघडले. शिवणकाकू, खुर्ची सात, ५४.

सोमवारची सकाळ मला लख्ख आठवत होती. राउंडला डॉक्टर म्हणाले होते, "काकूंची भूक सुधारली, अंगावर मांस आलंय. ड्राय वेट पंचावन्न आठशे करा." मी तिथल्या तिथे बदलले होते. स्क्रीनवर उमटले होते, 'नवीन ड्राय वेट: ५५.८'. माझ्या डोळ्यांनी वाचले होते. त्या दिवशी काकूंचे वजन साडेसत्तावन्न. मी कागद ओढून, कितीतरी आठवड्यांनी, पेनने हिशेब केला. दोन लिटर काढायला हवे होते. मशीनच्या नोंदीत आकडा होता तीन लिटर आठशे.

 सिस्टर समोरून काहीतरी विचारत होत्या ते मला ऐकू येईना. ज्या बाईच्या अंगात ते पाणी नव्हतेच, तिच्या रक्तातून आम्ही जवळजवळ दोन लिटर उपसले होते. आणि मी मघाशी तिला म्हणालो होतो, सर्जनना दाखवू.

लॅपटॉप उचलून मी बाईंच्या खुर्चीपाशी गेलो. त्यांचे तीन तास झाले होते, डोळे मिटून पडल्या होत्या.

"बाई, जरा हे बघता? आत्ता."

माझा आवाज ऐकून त्या सावरून बसल्या. मोकळ्या हाताने त्यांनी माझा प्रोग्रॅम वरून खाली नेला, मग खालून वर.

"हे 'ड्राय' कुठे लिहिलंय तुम्ही?"

"सगळ्यात वर. तुम्हीच म्हणाला होतात, वर लिहिलं की सगळ्या फंक्शनना दिसतं."

"दिसतं. वाचता येतं. आणि हे वजन बदलायचं फंक्शन. इथे आत तुम्ही पुन्हा 'ड्राय' लिहून त्याला नवा आकडा दिलाय."

"हो. बदलायला."

"तो वरच्या 'ड्राय'ला गेलाच नाही, भाऊ." त्या अगदी हळू बोलत होत्या. "फंक्शनच्या आत एखाद्या नावाला आकडा दिला की ते तिथल्या तिथे नवीन नाव तयार होतं. नाव तेच, पण हे आतलं. लोकल. फंक्शनचं काम संपलं की हे गेलं. बाहेरचं, ग्लोबल, ते जसंच्या तसं राहिलं."

"पण स्क्रीनवर पंचावन्न आठशे आलं होतं! मी वाचलं ना!"

"छापायची ओळ कुठे आहे?"

मी पाहिले. ती ओळ त्याच फंक्शनच्या आत होती. आतून विचारल्यावर आतलाच आकडा मिळणार.

"आणि पाण्याचा हिशेब जिथे होतो?"

"तो... तो वरचा आकडा घेतो," मी म्हणालो. "आणि फाइलमध्येही वरचाच जातो."

"आत एक ओळ लिहायची होती, की हे नाव बाहेरचंच समज. एक ओळ. नाहीतर नवा आकडा बाहेर परत पाठवायचा. मी तुम्हाला..." बाई थांबल्या. त्यांचा चेहरा बदलत गेलेला मी बघितला. "त्या दिवशी माझ्या पायात गोळे आले होते. आपण इथेच थांबलो होतो. मी म्हणाले, उरलेलं परवा."

"परवा मी प्रोग्रॅमच करून आणला."

"आणि मी चालताना बघितला. आतला वाचला नाही." त्यांनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. "बावीस वर्षं हा धडा शिकवतेय. दरवर्षी अर्धा वर्ग नेमका इथे पडतो, आणि कोणाला कळतही नाही आपण पडलो ते, कारण प्रोग्रॅम काही तक्रार करत नाही. मला माहीत होतं, भाऊ. मला माहीत होतं ना."

त्यांच्या मशीनचा भोंगा वाजू लागला. बोलता बोलता त्यांनी सुयांचा हात हलवला होता. मी नळी सरळ केली. माझे हात ते काम आपोआप करत होते.

मग मला सुचले की बदल फक्त काकूंचाच झाला नसेल. मी सगळे केसपेपर काढले. कागद बंद पडल्यापासूनच्या पाच आठवड्यांत डॉक्टरांनी आणखी एकाचे ड्राय वेट बदलले होते. दोन नंबर, निवृत्त ड्रायव्हरकाका. त्यांचे दीड किलोने कमी केले होते. म्हणजे इथे उलटे. दरवेळी दीड लिटर पाणी आम्ही त्यांच्या अंगात शिल्लक ठेवत होतो.

दोन आठवडे त्यांचे पाय सुजत होते, जिना चढताना धाप लागत होती. दोन आठवडे आम्ही सगळे त्यांना झापत होतो. "काका, पाणी पिता तुम्ही. खोटं बोलू नका." ते म्हणायचे, "नाही हो पीत. मुलाबाळांची शप्पथ." सिस्टर म्हणायच्या, "मग काय हवेतून येतं?" मीही म्हणालो होतो. गेल्याच शुक्रवारी, सगळ्यांदेखत.

तसाच त्यांच्याकडे गेलो. "काका, तुम्ही पाणी पीत नव्हता. चूक आमच्याकडची होती. माझी. मशीनला आकडा चुकीचा जात होता."

काकांनी माझ्याकडे बघितले. मला वाटले, आता शिव्या घालतील. पण त्यांनी खिशातून फोन काढला.

"हिला सांगा," ते म्हणाले. "घरात पाण्याचा जग कुलुपात ठेवलाय तिने. तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, खोटारडा म्हणते. मी सांगून ती ऐकायची नाही. तुम्ही सांगा."

मी त्यांच्या बायकोला फोनवर सांगितले. पलीकडून फोन बंद झाला.

संध्याकाळी घरी बायकोला सगळे सांगितले. ती भाजी निवडत होती, ते तिने बाजूला ठेवले.

"कोणी विचारलं का तुम्हाला?"

"नाही. सर्जन म्हणाले बीपीने. डॉक्टर म्हणाले, होतं असं."

"मग आता ते दुरुस्त झालंय ना?"

"मी लॅपटॉप बंदच करून आलो. कागदावर केलं सगळ्यांचं."

"मग सांगायलाच हवं का?" तिचा आवाज चिरकला. "नोकरी गेली तर? उद्या त्या बाईच्या माणसांनी केस केली तर? तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

  जेवण झाले, भांडी झाली. मी ताट नुसते पुढे ओढून बसलो होतो. सकाळी मी चपला घालत होतो तेव्हा ती दारात आली.

"सांगायचंच असेल तर आधी त्या काकूंना सांगा. डॉक्टरांना नंतर. डॉक्टर आधी भेटले तर तुमचं तोंड बंद करतील, आणि तुम्ही ऐकाल. मला माहितीये तुम्ही कसे आहात ते."

शिवणकाकू वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. मानेत नळी, त्यावर पांढरी पट्टी, त्यामुळे मान ताठ. जाऊबाई त्यांचे केस विंचरत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितले. फंक्शन वगैरे काही नाही. डॉक्टरांनी तुमचे वजन वाढवायला सांगितले, मी ते प्रोग्रॅममध्ये बदलले, ते बदललेच गेले नाही, मशीनने जुन्या वजनाने पाणी ओढले. जवळजवळ दोन लिटर जादा.

जाऊबाईंचा कंगवा केसांतच राहिला. "म्हणजे जीवच गेला असता की हिचा!"

"गेला असता."

"आणि हे तुम्ही असं येऊन सांगता? उभे राहून?"

"गप गं," काकू म्हणाल्या. मान वळत नव्हती म्हणून नुसते डोळे माझ्याकडे वळवले. "मला वाटलं मशीन बिघडलं. मशीन नाही म्हणजे. तुम्ही."

"मी."

"कागदावर करत होतात तेव्हा चुकत होतं का?"

"नाही."

"वेळ फार जात होता?"

"नाही काकू. दोन मिनिटं."

"मग कशाला केलंत ते?"

रात्रभर मी पुष्कळ उत्तरे तयार केली होती. तोंडातून निघाले ते वेगळेच.

"मला जमायला लागलं होतं," मी म्हणालो. "म्हणून."

त्यांनी डोळे छताकडे वळवले. मग म्हणाल्या, "जा आता."

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "आणखी कोणाला सांगितलंत?" काकूंना सांगितले म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? फिस्टुला बंद पडतात. दर महिन्याला कोणाचा ना कोणाचा पडतो. यानेच पडला असं छातीठोक कोण सांगणार?"

"तुम्ही नाही सांगू शकणार, डॉक्टर. मलाही नाही सांगता येणार. पण पाणी जादा काढलं हे तर खरं ना."

"लेखी द्या," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "मीही नुसता आकडाच बघत होतो."

नोकरी गेली नाही. चौकशी झाली, तीन जण आले, प्रश्न विचारून गेले. लॅपटॉप कपाटात गेला. कागद परत आला आणि दोन सह्याही. मला खुर्च्यांपासून काढून मागच्या खोलीत टाकले, जिथे रक्त गाळायचे फिल्टर धुतात. दिवसभर रबरी बूट, हातमोजे आणि औषधाचा उग्र वास. काकूंनी केस केली नाही. जाऊबाई मात्र मला बघितले की तोंड फिरवून जायच्या.

एकदा बाईंनी निरोप पाठवून बोलावले. मला वाटले, समजूत काढतील. त्यांनी पुढे वही सरकवली. दहा ओळींचा प्रोग्रॅम हाताने लिहिलेला होता. वर एक नाव, फंक्शनच्या आत तेच नाव, बाहेर छापायची ओळ.

"काय छापेल? तोंडाने सांगा. मशीन नको."

मी पाहिले आणि सांगितले.

"चूक," त्या म्हणाल्या. "पुन्हा बघा."

मी पुन्हा बघितले. त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला काय घडले ते ठाऊक होते, आणि तरी त्या मला पहिलीतल्या पोरासारखे विचारत होत्या, आणि मी घाम पुसत उत्तर शोधत होतो. तिसऱ्या खेपेला बरोबर आले. त्यांनी 'शाब्बास' म्हटले नाही. पान उलटले, मागेही दहा ओळी होत्या.

"हे आता कशासाठी, बाई?"

"तुमच्यासाठी थोडं," त्या म्हणाल्या. "बरंचसं माझ्यासाठी. अर्धवट राहिलंय ते."

अकरा आठवडे गेले. एका सकाळी मी फिल्टरची रांग लावत होतो तेव्हा सिस्टर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"हातमोजे काढ. सात नंबरवर चल."

"मला सुयांना हात लावायला मनाई आहे."

"माहीत आहे. काकूंच्या उजव्या हातात आज पहिली सुई. मी अर्धा तास झाला विनवतेय, त्या हात पुढे करत नाहीत. तुलाच बोलावतायत. डॉक्टरांना विचारून आलेय मी, चल."

मी बूट बदलले, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. उजवा हात पदराखाली. मानेतली नळी अजून होती. शेजारच्या स्टुलावर जाऊबाई. त्यांनी या वेळी तोंड फिरवले नाही, पण माझ्याकडे बघितलेही नाही.

"माफ केलं म्हणून बोलावलंय असं समजू नका," काकू म्हणाल्या.

"नाही समजत."

"सिस्टरांचा हात जड आहे. राग मानू नका हो सिस्टर, खरं ते बोलते. आणि हा हात गेला तर पुढे तिसरा नाही माझ्याकडे."

"हो काकू."

"डाव्या हाताने कापड बेतायला शिकतेय मी. परवा एक अख्खी बाही वाया घालवली. छप्पन्नाव्या वर्षी." हे त्यांनी कुरकुर म्हणून सांगितले नाही, बातमी सांगावी तसे सांगितले. "आधी हिशेब करा. इथे बसून. मोठ्याने."

मी स्टूल ओढले, कागद मांडीवर घेतला. "आजचं वजन अठ्ठावन्न दोनशे. ड्राय वेट छप्पन्न. वजा जाता दोन दोनशे. त्यात तीनशे मिळवले. अडीच लिटर."

काकू डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत होत्या. आयुष्यभर इंच आणि सूत मोजलेली बाई. "छप्पन्न कोणी सांगितलं?"

मी केसपेपर त्यांच्यासमोर धरला. डॉक्टरांचे अक्षर, कालची तारीख. त्यांनी चष्मा लावून ते वाचले.

"पुन्हा करा."

मी पुन्हा केले. मग सिस्टरांनी वेगळ्या कागदावर केले आणि दोघांनी सह्या केल्या.  ड्रायव्हरकाकांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता.

काकूंनी चष्मा काढून जावेच्या हातात दिला. पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. डाव्या हाताने, सावकाश, त्या बाही वर सरकवू लागल्या. ती कोपराशी अडकली. जाऊबाई मदतीला पुढे झाल्या, तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटले. शेवटी बाही वर गेली. त्यांनी हात उशीवर उताणा ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "हं."